डोळ्याची इजा, भाजलेला पेशंट आणि आपलं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या वर्गात आणि एरवी फोनवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका ठिकाणी मांडले आहेत. विचारणाऱ्यांत कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आहेत, डोळ्यांच्या दवाखान्यातले असिस्टंट आहेत, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत फर्स्ट एडची पेटी सांभाळणारी मंडळीही आहेत. मी बारा वर्षं डोळ्यांच्या ओपीडीत काढली, आता नर्सिंगच्या मुलींना बोलायचं इंग्रजी शिकवते. उपचार काय करायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी सांगतेय ते बोलण्याबद्दल. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे मोठ्याने म्हणताना जिभेला वळण पडेल.

१. कोल्हापुरात इंग्रजी बोलणारा पेशंट येतोच कुठे? हे शिकून करायचं काय?

येतो, आणि बहुतेक वेळा रात्री येतो. पुणे-बंगळूर हायवेवरचा केरळचा ड्रायव्हर, फाउंड्रीत मशीन बसवायला आलेला तमिळ इंजिनिअर, अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं तेलुगू कुटुंब, कॉलेजच्या होस्टेलवरची ईशान्येकडची मुलं, सुट्टीला आलेली अमेरिकेतली नातवंडं. यातल्या कुणाचं मराठी नसतं, कुणाचं हिंदी अर्धंमुर्धं असतं. पण परराज्यातला माणूस दिसला की लगेच इंग्रजी सुरू करू नका. ओडिशा-बिहारच्या कामगाराला तुमची मोडकी हिंदी जास्त कळेल. दुभाष्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. माझं व्याकरण कच्चं आहे. पेशंटसमोर चुकले तर?

चुकाल, काही बिघडत नाही. ‘पेन सिन्स व्हेन?’ हे वाक्य व्याकरणात नापास होईल, पण पेशंट त्याला बरोबर उत्तर देतो. बिघडतं ते लांब वाक्यांनी. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा, ती करून घ्या, मग पुढचं वाक्य बोला. आवाज चढवू नका. समोरच्याला भाषा कळत नसते, तो बहिरा नसतो, आणि हे आपण सगळेच विसरतो.

३. डोळ्यात केमिकल गेलेला पेशंट ओरडत येतो. पहिलं वाक्य कोणतं बोलू?

पहिलं वाक्य नाही, पहिलं पाणी. नाव, गाव, वय, कंपनी सगळं नंतर. डोळ्यावर सलाईनची किंवा नळाची धार चालू असतानाच बोलायचं, आणि ते असं:

‘डोंट रब. आय ॲम वॉशिंग युअर आय. इट विल फील कोल्ड. ब्लिंक. कीप ब्लिंकिंग.’

पेशंट आपोआप डोळा मिटणार. तेव्हा ‘ओपन, ओपन’ असं ओरडण्यापेक्षा ‘आय विल होल्ड युअर आयलिड्स. यू जस्ट ब्रीद’ म्हणा. सांगून हात लावला की माणूस डोकं मागे ओढत नाही. धार चालू ठेवूनच विचारा: ‘व्हॉट वेंट इन? पावडर ऑर लिक्विड? वन आय ऑर बोथ? आर यू वेअरिंग काँटॅक्ट लेन्सेस?’ बाटली किंवा पुडी सोबत आणली असेल तर ‘शो मी द बॉटल’ या एका वाक्यात दहा प्रश्नांची उत्तरं मिळतात.

किती वेळ धुवायचं? निदान १५ ते २० मिनिटं, अल्कली (चुन्यासारखा क्षार) असेल तर पुष्कळ जास्त, आणि थांबायचं ते पीएचच्या पट्टीवर (ॲसिड-अल्कली किती ते रंगाने दाखवणारा कागद) बघून. पेशंट पाच मिनिटांत म्हणतो, ‘आय ॲम ओके नाऊ.’ त्याला सांगायचं: ‘द पेन इज लेस, बट द केमिकल इज स्टिल इनसाइड.’ हे वाक्य पाठच करा.

ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक. ॲसिडने वरचा थर थिजतो आणि बहुधा पुढे जायची वाट अडते. अल्कली पेशींतली चरबी विरघळवत आत शिरत राहते. आपल्याकडे अल्कली म्हटलं की आधी आठवावा तो चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी नाहीतर ट्यूब पोरं खेळायला घेतात, दाबतात आणि ती डोळ्यात फुटते. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात, म्हणून पापणी उलटावी लागते. आईला सांगा: ‘देअर आर स्मॉल बिट्स अंडर द आयलिड. आय हॅव टू टर्न इट ओव्हर. ही विल क्राय, बट आय मस्ट डू इट.’ चुन्याला ‘लाइम’ म्हणायला हरकत नाही, पण बऱ्याच जणांना लाइम म्हणजे लिंबू वाटतं. ‘द व्हाइट पेस्ट पीपल ईट विथ टोबॅको’ म्हटलं की गोंधळ मिटतो.

धुवायचं नाही अशीही एक इजा आहे. ती प्रश्न ८ मध्ये.

४. ‘वर बघा’ला सी अप म्हणायचं की लुक अप?

लुक. नेहमी लुक. ‘लुक अप, लुक डाऊन, लुक ॲट माय इअर.’ आपल्या ‘बघा’मध्ये दोन्ही मावतं, म्हणून आपण सी म्हणतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या बाईंना ‘सी डाऊन’ म्हटलं. बाई स्लिट लॅम्पवरून (डोळा तपासायचं यंत्र) हनुवटी काढून वाकल्या आणि फरशीवर काय पडलंय ते शोधायला लागल्या. मीही वाकले. दोघी मिळून शोधत होतो.

‘सी’ वापरायचं ते दिसतंय का हे विचारताना: ‘कॅन यू सी माय फिंगर्स? हाऊ मेनी?’ आणि एक डोळा झाकायला सांगताना ‘क्लोज वन आय’ म्हणू नका, लोक दोन्ही मिटतात. ‘कव्हर धिस आय विथ युअर पाम. डोंट प्रेस.’

५. जळजळ, चुरचुर, खुपणं, ठणका यांना इंग्रजीत काय म्हणतात?

मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके ओपीडीच्या इंग्रजीत लागत नाहीत, पण चार-पाच नीट लागतात, कारण दुखण्याच्या तऱ्हेवरून डॉक्टर अंदाज बांधतात. जळजळ म्हणजे ‘बर्निंग’. साबण गेल्यावर होते ती चुरचुर ‘स्टिंगिंग’. खुपणं म्हणजे ‘इट फील्स लाइक सँड’ किंवा ‘समथिंग इज स्टक’. त्याला ‘पोकिंग’ही चालतं. ठणका ‘थ्रॉबिंग’. खाज ‘इचिंग’. उजेड सहन न होणं ‘लाइट हर्ट्स माय आइज’. धूसर दिसणं ‘ब्लरी’, दोन दोन दिसणं ‘डबल’. डोळ्यासमोर काळे ठिपके, चमक किंवा बाजूने पडदा आल्यासारखं पेशंट सांगत असेल, विशेषतः डोळ्याला मार लागल्यावर, तर ‘स्पॉट्स, फ्लॅशेस, लाइक अ कर्टन’ हे तिन्ही शब्द त्याच क्रमाने डॉक्टरांना सांगा आणि पेशंटला रांगेत बसवून ठेवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘बर्न’चा. ‘माय आय इज बर्निंग’ म्हणजे डोळ्याची आग होतेय, ‘आय बर्न्ट माय आय’ म्हणजे डोळा भाजला. केस पेपरवर हे दोन्ही एकच होऊन बसतं. उलट बाजूनेही गंमत आहे: केमिकल गेलेल्या माणसाला ‘यू हॅव अ बर्न इन युअर आय’ सांगितलं की तो घाबरून म्हणतो, ‘नो नो, नो फायर!’ त्याच्या लेखी जाळ नाही तर भाजणं कुठलं? त्याला सांगा, ‘द केमिकल हॅज डॅमेज्ड द फ्रंट ऑफ युअर आय.’

६. कॉर्निया, फॉरेन बॉडी, इरिगेशन हे शब्द पेशंटपुढे वापरावेत का?

आपसात वापरा. पेशंटपुढे कॉर्नियाला ‘द क्लिअर विंडो ॲट द फ्रंट’, ॲब्रेजनला ‘अ स्क्रॅच’, फॉरेन बॉडीला ‘अ टायनी पीस ऑफ मेटल’. इरिगेशन म्हणजे नुसतं ‘वॉशिंग’. इरिगेशन ऐकून आमच्या कागलच्या एका इंजिनिअरने विचारलं होतं, ‘व्हिच प्रोजेक्ट?’ पाटबंधारे खात्यातला होता बिचारा.

ग्राइंडिंगचा कण काढल्यावर लोखंडाच्या गंजाचं कडं राहतं, ते कधी दुसऱ्या दिवशी काढतात. पेशंटला वाटतं काम अर्धवट सोडलं. म्हणून आधीच सांगा: ‘द मेटल इज आउट. अ लिटल रस्ट इज लेफ्ट. वी विल क्लीन इट टुमॉरो.’ फ्लुरोसीनची (डोळ्यावरचा ओरखडा दाखवणाऱ्या रंगाची) पट्टी लावताना ‘धिस इज अ येलो डाय. युअर टिअर्स विल लुक येलो फॉर सम टाइम’ एवढं म्हणा, नाहीतर पिवळा रुमाल बघून फोन येतो.

आणि कोल्हापूरचा खास सापळा. बाहेरच्या माणसाला ‘यू मस्ट गो टू सीपीआर’ म्हणू नका. आपल्याला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय दिसतं, त्याला छातीवर दाब देणारे डॉक्टर दिसतात. ‘द गव्हर्नमेंट हॉस्पिटल. पीपल हिअर कॉल इट सीपीआर’ असं पूर्ण सांगा.

७. भाजलेल्या पेशंटला डिग्री आणि टक्के कसे समजावू?

डिग्री सांगूच नका, असं माझं मत. ‘थर्ड डिग्री’ म्हटलं की आपल्या लोकांना पोलीस कोठडी आठवते, आणि ‘फर्स्ट डिग्री’ला कुणी पहिला नंबर समजून हादरतं. खोली सांगा. ‘ओन्ली द टॉप लेअर ऑफ द स्किन’, ‘डीपर, दॅट इज व्हाय देअर आर ब्लिस्टर्स’, ‘ऑल द वे थ्रू द स्किन’.

शेवटच्या प्रकारात एक उलटी गोष्ट समजवावी लागते. खोल भाजलेल्या जागेवर दुखत नाही, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. पेशंट आणि नातेवाईक त्यालाच शुभ समजतात. ‘नो पेन हिअर डझ नॉट मीन इट इज स्मॉल. द नर्व्हज आर डॅमेज्ड.’ हे डोळ्याला डोळा देऊन, सावकाश बोला.

टक्क्यांचं तसंच. ‘थर्टी परसेंट’ ऐकून कुणी म्हणतं, मग सत्तर टक्के तर बरा आहे! मोठ्या माणसात हिशेब नवाचा: डोकं-मान ९, एकेक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, एकेक पाय १८, उरलेला १ जांघेचा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून त्याचा तक्ता वेगळा. छोट्या जखमांना पेशंटचाच बोटांसकट तळवा साधारण १ टक्का. हे शेवटचं समजवायला सगळ्यात सोपं: ‘युअर पाम इज अबाउट वन परसेंट. धिस बर्न इज अबाउट सिक्स पाम्स.’ त्याचा तळवा त्याला दाखवायचा, आपला नाही.

भाजणं, पोळणं, चटका, होरपळणं हे सगळं इंग्रजीत ‘बर्न’मध्ये जातं. फक्त वाफेने किंवा गरम पातळ पदार्थाने पोळलं तर ‘स्काल्ड’. गुऱ्हाळातल्या काकवीचं पोळणं वेगळंच. उकळती काकवी पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते आणि अंगाला चिकटून बसते, म्हणून पोळत राहते. ‘व्हॉट वॉज द लिक्विड?’ याला ‘शुगर ज्यूस’ उत्तर आलं तर उसाचा थंड रस समजू नका, ‘वॉज इट बॉइलिंग अँड थिक?’ विचारा.

प्रथमोपचार सांगताना ‘कूल रनिंग वॉटर, ट्वेंटी मिनिट्स. नो आइस.’ ‘कोल्ड’ म्हटलं की लोक फ्रीजमधला बर्फ काढतात, म्हणून ‘कूल’. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढायचे: ‘रिंग्ज अँड बँगल्स ऑफ, बिफोर इट स्वेल्स.’ बंद खोलीत धूर कोंडला होता का आणि आवाज बसलाय का, हे दोन प्रश्न विसरू नका. ‘वेअर यू इन अ क्लोज्ड रूम? इज युअर व्हॉइस डिफरंट?’ उत्तर हो असेल तर जखम राहू दे, आधी डॉक्टरांना हाक मारा.

८. ‘धुवू नका’ कधी म्हणायचं?

डोळा फुटला असेल किंवा काही आत घुसलं असेल असा संशय आला की. छिन्नी-हातोडा चालवताना उडालेली कपची हा त्याचा नमुना. जखम टाचणीच्या टोकाएवढी, दुखणं कमी, दिसणंही कधीकधी ठीक, आणि लोखंड आत. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या पेशंटला विचारा: ‘वेअर यू हॅमरिंग मेटल?’ हो म्हणाला तर: ‘डोंट टच. डोंट वॉश. डोंट ब्लो युअर नोज. आय विल पुट अ हार्ड कव्हर. इट विल नॉट प्रेस ऑन युअर आय. प्लीज डोंट ईट ऑर ड्रिंक एनिथिंग.’ शेवटचं कशासाठी, तेही सांगा: ‘यू मे नीड ॲन ऑपरेशन.’ पॅड आणि शील्ड (हेच ते ‘हार्ड कव्हर’) हे एक नाही. पॅड दाबतं, शील्ड दाबत नाही. अशा पेशंटला एमआरआयला धाडू नये, हे डॉक्टरांना माहीत असतं, पण चिठ्ठीवर ‘हॅमरिंग’ शब्द लिहिलेला असला की सगळ्यांनाच आठवतं.

आत घुसलंय आणि केमिकलही आहे, असं दोन्ही असेल तर तो निर्णय आपला नाही. डॉक्टरांना तिथेच बोलवा.

९. थेंब आणि मलम कसं वापरायचं ते सांगताना काय चुकतं?

मराठीत औषध ‘लावायचं’, म्हणून आपण ‘अप्लाय द ड्रॉप्स’ म्हणतो. माझ्याकडून हे ऐकून गेलेल्या एका तरुणाने तीन दिवस थेंब पापणीवर बाहेरून चोळले. बाटली संपवून आला, डोळा लाल तो लाल. चूक माझी होती. ‘पुट वन ड्रॉप इनसाइड द लोअर लिड’ म्हणायचं आणि करून दाखवायचं. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तर) ही आपली सांकेतिक भाषा. पेशंटला ‘मॉर्निंग, आफ्टरनून, नाइट’. दोन बाटल्या असतील तर ‘फर्स्ट द व्हाइट कॅप. वेट फाइव्ह मिनिट्स. देन द ब्लू कॅप.’ मलम शेवटी.

मग विचारा, पण ‘अंडरस्टुड?’ असं नाही. त्याला सगळे ‘येस सिस्टर’ म्हणतात. ‘आय वाँट टू चेक इफ आय एक्सप्लेन्ड इट वेल. शो मी हाऊ यू विल डू इट ॲट होम.’ यात परीक्षा तुमची होते, पेशंटची नाही, म्हणून तो लाजत नाही.

१०. वेल्डर बधिर करणारा थेंब घरी मागतो. इंग्रजीत नकार कसा देऊ?

वेल्डिंगचा उजेड डोळ्याला लागलेला माणूस संध्याकाळी ठणठणीत असतो आणि मध्यरात्री डोळ्यात वाळू पडल्यासारखा उठतो, कारण हे दुखणं सहा ते बारा तासांनी उमटतं. दवाखान्यातला बधिर करणारा थेंब जादूसारखा लागू पडतो, मग तो बाटलीच मागतो. ‘आय नो इट हेल्प्ड. बट इफ यू यूज इट अगेन अँड अगेन, युअर आय विल नॉट हील.’ त्यासोबत चांगलं वाक्यही द्या: ‘मोस्ट पीपल आर बेटर इन वन ऑर टू डेज.’ नुसता नकार दिला तर तो मेडिकलमधून स्टिरॉइडचा थेंब घेऊन येईल, ते जास्त वाईट.

उसाचं पातं लागलेल्या डोळ्याला तर हा इशारा आणखी मोठ्याने द्या. पात्याबरोबर बुरशी आत जाते, आठवड्याने पांढरा डाग दिसू लागतो आणि स्टिरॉइड तिला खतपाणी घालतं. ‘डोंट यूज एनी ओल्ड ड्रॉप्स फ्रॉम होम.’ घरचे उपाय आधीच करून आला असेल, मध, आईचं दूध, एरंडेल, जखमेवर टूथपेस्ट, तर रागावू नका. पुढच्या वेळी तो सांगायचाच नाही. ‘थँक यू फॉर टेलिंग मी. व्हेन डिड यू पुट इट?’

११. ‘विल आय गो ब्लाइंड?’ याला काय उत्तर देऊ?

‘नथिंग विल हॅपन’ अजिबात नाही. ‘ओन्ली गॉड नोज’ तर त्याहून नाही, हे मी कानाने ऐकलंय. तुम्हाला माहीत आहे तेवढंच बोला: ‘आय डोंट नो येट. द डॉक्टर विल चेक अँड टेल यू. राइट नाऊ, वॉशिंग इज द बेस्ट थिंग वी कॅन डू.’ मग गप्प बसा आणि हात खांद्यावर असू द्या. पट्टी बांधलेल्या माणसाला दिसत नसतं, म्हणून जवळ येताना ‘इट्स सिस्टर, आय ॲम ऑन युअर लेफ्ट’ म्हणून या.

१२. नातेवाईकच दुभाषी असेल तर चालेल का?

औषधाची वेळ सांगायला चालेल. संमतीसाठी आणि ‘कसं झालं’ हे विचारायला नको. सही घ्यायची तर माणसाला समजणाऱ्या भाषेतच समजवायला हवं; इंग्रजी फॉर्मवर मान हलली म्हणून समजलं असं होत नाही. वॉर्डात कानडी येणारी मावशी असेल, मल्याळी सिस्टर तर बहुतेक ठिकाणी असते. तिला बोलवा आणि केस पेपरवर तिचं नाव लिहा. दुभाष्यामार्फत बोलताना तोंड पेशंटकडे ठेवा.

१३. भाजलेल्या बाईला ‘कसं झालं’ हे कसं विचारू?

सासरच्यांना बाहेर पाठवून. ‘आय नीड टू चेक हर अलोन, इट इज अवर रूल’ म्हणा, म्हणजे वाद होत नाही. मग ‘व्हाय’ने सुरुवात करू नका, त्यात आरोप ऐकू येतो. ‘टेल मी व्हॉट हॅपन्ड, इन युअर ओन वर्ड्स. आर यू सेफ ॲट होम?’ ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा. ‘स्टोव्ह फुटला’ला ‘ॲक्सिडेंटल बर्न्स’ असं सुबक करू नका. तो निष्कर्ष झाला, आणि केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांकडे जाणारी) असली तर तो काढणं आपलं काम नाही.

ॲसिड हल्ल्यात पैशांचा प्रश्न आधी निघाला तर माहीत असू द्या: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार द्यायचे असतात आणि पोलिसांना कळवायचं असतं. पेशंटला एवढंच: ‘यू डोंट हॅव टू पे फॉर धिस.’

१४. परदेशी जायचंय. ओईटीला (नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेला) हेच विचारतात का?

बऱ्यापैकी. बोलण्याच्या भागात पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात, कार्ड वाचायला आधी थोडा वेळ मिळतो. गुण भाषेला असतात तसे ऐकून घेण्याला आणि समजावण्यालाही असतात. आमच्या मुली उच्चारांवर महिने घालवतात आणि पेशंटचं वाक्य मध्येच तोडून गुण घालवतात. प्रश्न ९ मधलं ‘शो मी’ आणि प्रश्न ११ मधलं ‘आय डोंट नो येट’ ही दोन्ही तिथे कामाला येतात.

१५. कंपनीतून सुपरवायझरचा फोन येतो, इंग्रजीत, गडबडीत. फोनवर काय बोलू?

त्याला आधी पत्ता सांगायचा असतो, तुम्ही त्याला थांबवा. ‘इज द वॉटर रनिंग ऑन हिज आय नाऊ?’ नाही म्हणाला तर ‘गो, स्टार्ट, आय विल होल्ड.’ फोन कट करू नका. तो परत आला की १०८ ला कुणी फोन केलाय का विचारा, केमिकलचं नाव एकेक अक्षर करून घ्या, आणि गाडी येईपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी तेच विचारत राहा: ‘इज द वॉटर स्टिल रनिंग?’